दंड सगळ्यांना सारखा, बक्षीस माणूस बघून

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या शेळगावात एका घरातले दोन भाऊ. थोरला बारामतीच्या एमआयडीसीत कामाला जातो, धाकटा घरची शेती बघतो. दोघांची खाती एकाच बँकेत, एकाच शाखेत. वडिलांनी दोघांना बरोबर नेऊन एकाच दिवशी उघडून दिलेली. दिवाळीच्या तोंडावर थोरल्याच्या मोबाइलमध्ये बँकेच्या ॲपवर ‘खास तुमच्यासाठी’ असं लिहून एका मोठ्या दुकानातल्या किराण्यावर दहा टक्के कॅशबॅक आला, जास्तीत जास्त तीनशे रुपये. धाकट्याच्या ॲपवर त्याच जागी, तसल्याच रंगीत चौकटीत ‘खास तुमच्यासाठी’ दोन लाखांचं वैयक्तिक कर्ज. कागदपत्रं नकोत, जामीनदार नको, नुसतं बटण दाबा. फोन घेऊन दोघंही माझ्याकडे आले. मी विकास सोसायटीचा निवृत्त सचिव. आकड्याचं काही निघालं की लोक अजून माझ्याच दारात येतात. धाकटा म्हणाला, “आप्पा, त्याला तीनशे परत आणि माझ्या अंगावर दोन लाख. माझं कुठं चुकलं?”

त्याचं कुठंच चुकलेलं नाही. चुकलंय ते दुसरीकडेच.

थोरल्याचं खातं बघा. ठरलेल्या तारखेला पगार, मग पेट्रोल, रिचार्ज, मुलीच्या क्लासची फी, सुट्टीच्या दिवशी बारामतीत खरेदी. धाकट्याच्या खात्यावर महिनोन्‌महिने शुकशुकाट. ऊस तुटून जातो, कारखाना बिल काढतो, सोसायटीची वसुली त्यातून आधीच कापली जाते. उरलेले पैसे खात्यावर पडतात आणि खतवाल्याची उधारी, ट्रॅक्टरचं भाडं, मजुरी, एखादं लग्न असं करत आठवड्याभरात निघूनही जातात. पुढचा हप्ता निघेपर्यंत पुन्हा सामसूम. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याला किंवा बिजवडीच्या कर्मयोगीला ऊस घालणाऱ्या आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक खात्यांची हीच तऱ्हा. यात माणूस गरीबच असतो असं नाही. वर्षाचा हिशेब मांडला तर एखाद्या साली धाकटा थोरल्याच्या पुढं असतो. पण खर्चाच्या सवयी मोजणाऱ्या यंत्राला दरमहा थोडाथोडा हलणारा पैसा लागतो. वर्षातून दोन-तीनदा येऊन जाणारा पैसा त्याच्या हिशेबात बसत नाही. मग या माणसाला दाखवायला त्याच्याकडे एकच वस्तू उरते, कर्ज.

हा धंदा कसा चालतो ते नीट समजून घेतलं पाहिजे. बँकेनं खूश होऊन दिलेली ही बक्षिसी नव्हे. आपण कुठं, किती, कशावर खर्च करतो हे बँकेला दिसतं, आणि या दिसण्याला बाजारात भाव आहे. मोठ्या दुकानसाखळीला सांगायचं की तुमच्याऐवजी दुसरीकडं जाणारी एवढी गिऱ्हाइकं आमच्याकडं आहेत, सवलत तेवढ्यांनाच दाखवतो. त्यांनी तुमच्याकडं खरेदी केली तर आम्हाला आमचा वाटा द्या. अमेरिकेत २००८ साली निघालेली कार्डलिटिक्स नावाची कंपनी नेमकं हेच काम तिथल्या आणि ब्रिटनमधल्या बँकांसाठी करते. दुकानाला गिऱ्हाइकाचं नाव कळत नाही, असं या धंद्यातले लोक सांगतात. कळत नसेल. पण सवलत कुणाच्या वाट्याला येणार हे माझ्याच पासबुकावरून ठरतं आणि ते मला विचारून ठरत नाही.

यातली खरी मेख पुढं आहे. जो त्या दुकानात दर आठवड्याला न चुकता जातो, त्याच्यावर पैसे घालवण्यात दुकानाला अर्थ वाटत नाही, कारण तो येणारच आहे. आमिष दाखवायचं ते डळमळीत माणसाला. जुनं, इमानी गिऱ्हाईक गृहीत धरलं जातं. ब्रिटनमध्ये मोटारीच्या आणि घराच्या विम्यात हेच चालायचं. नवीन येणाऱ्याला स्वस्त आणि वर्षानुवर्षं नूतनीकरण करणाऱ्याला महाग. तिथल्या वित्तीय नियंत्रकानं १ जानेवारी २०२२ पासून ते बंद पाडलं. नूतनीकरणाचा हप्ता नवीन गिऱ्हाइकाला सांगितलेल्या हप्त्यापेक्षा जास्त लावायचा नाही, असा दंडकच घातला. एवढा मोठा विमाधंदा त्यामुळं बुडाला नाही.

आता कुणी म्हणेल, मग सगळ्यांना सारखंच द्यावं. मी तसं म्हणणार नाही. वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी रक्कम देणं हीच माझी नोकरी होती. उसाला एकरी कर्ज वेगळं, डाळिंबाला वेगळं, ज्वारीला त्याहून वेगळं. ते दर जिल्ह्याची तांत्रिक समिती ठरवायची, त्यावरून क.म. (कर्ज मर्यादा) पत्रक तयार व्हायचं आणि कुणाला किती मंजूर झालं हे तो सभासद येऊन बघू शकायचा. दूध डेअरीवरही रोज सकाळी शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन बायकांना लिटरमागं वेगवेगळा दर मिळतो. एकीच्या गाईची फॅट साडेतीन लागते, दुसरीची तीन-दोन. पण यंत्रावर आकडा दोघींना दिसतो, भिंतीवर फॅट आणि एसएनएफचा तक्ता लावलेला असतो आणि आकड्यापुढचा दर कुणालाही बोट ठेवून वाचता येतो. फॅट कमी लागली तर बाई पेंड बदलते, नाहीतर डेअरीवाल्याशी भांडते, नाहीतर दूध दुसऱ्या डेअरीला घालते. बँकेच्या कॅशबॅकला असा तक्ताच नाही. धाकट्यानं काय केलं म्हणजे त्याच्या चौकटीत कर्जाऐवजी किराणा येईल, हे सांगणारा माणूस शाखेत नाही आणि कागदही नाही.

तक्ता असला म्हणजे सगळे सुखी होतात, असंही नाही. आमच्या गावाला याचा मोठा अनुभव आहे. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. थकबाकीदाराचं दोन लाखांपर्यंतचं पीककर्ज माफ; नियमित भरणाऱ्याला पन्नास हजारांपर्यंतचं प्रोत्साहन मागाहून जाहीर झालं. माफीच्या याद्या २०२० च्या फेब्रुवारीपासून लागू लागल्या. प्रोत्साहनाचे पैसे खात्यावर यायला २०२२ उजाडलं. त्या मधल्या काळात सोसायटीच्या ऑफिसात काय काय ऐकून घेतलं जात होतं ते विचारू नका. बायकोचे दागिने गहाण ठेवून ३१ मार्चच्या आत पैसे भरणारा माणूस आणि कलम १०१ ची वसुलीची नोटीस खिशात घालून बिनधास्त फिरणारा माणूस एकाच बाकावर येऊन बसायचे. “थकवलं त्याची दिवाळी, भरलं त्याचं दिवाळं,” असं एका म्हाताऱ्यानं चारचौघांत सुनावलं, आणि त्यावर द्यायला कुणापाशीच उत्तर नव्हतं.

पण त्या भांडणात एक गोष्ट होती जी या कॅशबॅकच्या भानगडीत नाही. यादी भिंतीवर चिकटवलेली होती. शासन निर्णय छापील होता. कुठल्या तारखेची थकबाकी धरणार, कुठल्या वर्षांत भरणा केलेला असला पाहिजे, कोण अपात्र, हे सगळं लिहिलेलं होतं. ज्याला मान्य नव्हतं त्याला तक्रार करता येत होती, आमदाराच्या दारात जाता येत होतं, मत फिरवता येत होतं. अन्याय झाला असं ज्यांना वाटलं त्यांना निदान कशानं झाला ते माहीत होतं. मुदतीत फेडलं की तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं, तेही एका परीनं कॅशबॅकच आहे. तो मिळवायला काय करायचं, हे आमच्याकडच्या न शिकलेल्या म्हातारीलाही पाठ आहे.

नुसत्या नशिबावर दिलेल्या पैशाबद्दलही लोक कुरकुर करत नाहीत. नोटबंदीनंतर सरकारनं २५ डिसेंबर २०१६ पासून १४ एप्रिल २०१७ पर्यंत लकी ग्राहक योजना चालवली. पन्नास रुपयांपासून तीन हजारांपर्यंतच्या डिजिटल व्यवहारांची सोडत काढायची आणि रोज पंधरा हजार जणांना हजार-हजार रुपये द्यायचे. शेवटच्या सोडतीत एक कोटीचं पहिलं बक्षीस लातूरच्या एका तरुणीला लागलं. तिनं मोबाइलच्या हप्त्याचे १,५९० रुपये रुपे कार्डानं भरले होते, एवढंच. बातमी आली तेव्हा आमच्या फाट्यावर आठ दिवस दुसरा विषय नव्हता, पण तिच्यावर अन्यायाचा ठपका कुणी ठेवला नाही. चिठ्ठी सगळ्यांचीच डब्यात होती. ‘खास तुमच्यासाठी’मध्ये आपली चिठ्ठी डब्यात पडली की नाही, हेच मुळात कळत नाही.

आता जरा दुसरी बाजू बघा. ज्या बँकांना बक्षिसाचा नियम सांगता येत नाही, त्यांना दंडाचा नियम मात्र पैशा-पैशापर्यंत सांगता येतो. किमान शिल्लक नाही म्हणून सरकारी बँकांनी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत मिळून सुमारे ८,४९५ कोटी रुपये गोळा केले, हा आकडा सरकारनंच जुलै २०२४ मध्ये लोकसभेत दिला. स्टेट बँकेनं २०२० मध्येच हा दंड सोडून दिला होता, तरी एवढे. जिथं हा दंड आहे तिथं त्याचं कोष्टक शाखेत लावलेलं असतं, संकेतस्थळावर असतं आणि एका प्रकारच्या सगळ्या खात्यांना ते सारखं लागू होतं. तिथं कुणी म्हणत नाही की या माणसाचं ऊसबिल अजून निघायचंय, याला तीन महिने सांभाळून घ्या. कापायच्या वेळी सगळे समान आणि द्यायच्या वेळी प्रत्येक जण ‘खास’. वैयक्तिक वागणूक द्यायचीच हौस असेल, तर तिची सुरुवात दंडापासून का होत नाही?

माझा मुलगा फाट्यावर किराणा दुकान चालवतो. हे सगळं त्याच्यापुढं बोललो, तर त्यानं मलाच पेचात धरलं. म्हणाला, “दादा, मी तरी वेगळं काय करतो? एकाला ऊसबिल येईपर्यंत उधारी देतो, दुसऱ्याला रोख मागतो. पाव्हण्याला पाच रुपये सोडतो, अनोळख्याला सोडत नाही. माझा तक्ता कुठाय भिंतीवर?” मुद्दा खरा आहे, टाळून चालणार नाही. पण तो नाही म्हणतो ते तोंडावर म्हणतो. ज्याला नाही म्हटलं त्याला कारण माहीत असतं, आणि बहुतेक वेळा ते साऱ्या गावाला माहीत असतं: मागची बाकी राहिलीय, नाहीतर गुत्त्यावर जास्त दिसतो. तो माणूस तिथंच हुज्जत घालू शकतो, मला मध्ये घालू शकतो. आणि उधारी बुडाली तर बुडणारे पैसे मुलाच्या गल्ल्यातले असतात. बँकेच्या शाखेत विचारलं तर समोरचा साहेब खरं तेच सांगतो: “ते वरून येतं, आम्हाला पण दिसत नाही.” ज्या निर्णय घेणाऱ्याचा पत्ताच नाही, त्याच्याशी हुज्जत कशी घालायची?

या प्रकरणात मीही पक्षकार आहे, तेही सांगून ठेवतो. तीनशेची कमाल गाठायला तीन हजारांचा किराणा घ्यावा लागतो, तो थोरल्यानं बारामतीच्या त्या मोठ्या दुकानातून आणला. दरसालची त्याची दिवाळीची यादी माझ्या मुलाकडं असते. आमच्या दुकानाला बँकेच्या त्या यादीत शिरायची सोयच नाही. तिथं बोलणी होतात ती शेकडो शाखांच्या साखळ्यांशी. शेळगाव फाट्यावरच्या दुकानदाराचं गिऱ्हाईक कोण, हे बँकेला त्याच्याच क्यूआर कोडवरून माहीत असतं, साउंडबॉक्सचं भाडंही तो दरमहा भरतो, आणि सवलतीची जाहिरात जाते ती त्याच गिऱ्हाइकाला त्याच्या दारातून उठवणाऱ्याची. तुकोबांची पालखी अंथुर्ण्याहून निमगाव केतकीकडं जाते तेव्हा आमच्या फाट्यावर चार दिवसांचा धंदा एका दिवसात होतो. बाकी वर्षभर दुकान चालतं ते या याद्यांवरच.

कॅशबॅकचे पैसे शेवटी कुणाच्या खिशातून जातात, हाही प्रश्न आहे. अमेरिकेत बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये हिशेब मांडला. दुकानदार कार्डाचं शुल्क मालाच्या किमतीत घालतो, किंमत रोख आणि कार्ड दोघांना एकच, आणि बक्षीस मात्र कार्डवाल्याला. त्यामुळं रोखीनं जगणारं कुटुंब वर्षाला सरासरी १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या पदरात घालतं आणि कार्ड वापरणारं कुटुंब १,१३३ डॉलर मिळवतं, असं निघालं. हा हिशेब आपल्याकडं जसाच्या तसा लावता येणार नाही. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला शुल्क नाही. गळीत हंगामात बीडकडून आलेला ऊसतोड मजूर माझ्या मुलाच्या दुकानात रोख देऊन तेल-मीठ नेतो, तेव्हा तो कुणाच्या कॅशबॅकचं ओझं वाहत नाही. पण क्रेडिट कार्डाची गोष्ट वेगळी आहे. तिथं दुकानदाराला शंभरामागं दोन रुपयांच्या आसपास मोजावे लागतात, आणि घसघशीत कॅशबॅक बहुतेक तिथंच असतात. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. म्हणजे ही हवा हायवेवरून आमच्या फाट्यापर्यंत यायला आता फार वेळ लागणार नाही. तेव्हा रोखवाला मजूर कुणाची दिवाळी साजरी करतोय, हे विचारावं लागेल.

कायदा काय म्हणतो? रिझर्व्ह बँकेनं २०१४ च्या डिसेंबरात ग्राहकांच्या हक्कांची सनद काढली. पाच हक्कांतला पहिलाच हक्क न्याय्य वागणुकीचा: स्त्री-पुरुष, वय, धर्म, जात, शारीरिक क्षमता यांवरून भेदभाव करायचा नाही. वाचून बरं वाटतं. पण या सनदेवर बेतलेल्या बँकांच्या धोरणांत पुढं मोकळीक ठेवलेली असते, की ठरावीक गटासाठी खास योजना आणता येतील आणि व्यापारी दृष्टीनं समर्थन करता येईल अशा आर्थिक कारणानं ग्राहकाग्राहकांत फरकही करता येईल. समर्थन करता येईल, म्हणजे कुणापुढं? ग्राहकापुढं कारण मांडायचं बंधनच नसेल तर समर्थनाचा प्रश्न येतो कुठं? जानेवारी २०२५ मध्ये एकाच प्रवासाचं भाडं आयफोनवर वेगळं आणि अँड्रॉइडवर वेगळं दिसतं अशा तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ओला आणि उबरला नोटिसा काढल्या. कंपन्यांनी आरोप नाकारला, तरी निदान त्यांना उत्तर द्यावं लागलं. भाड्यात फरक दिसला की तक्रार होते. सवलतीतला फरक कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण ज्याला मिळाली नाही त्याला ती होती हेच ठाऊक नसतं. आमचे हे दोघं एका घरातले आणि एका ताटात जेवणारे, म्हणून तर उघडकीला आलं.

धाकट्यानं आणखी एक विचारलं. निदान ते कर्जाचं बटण तरी काढून टाकता येईल का? आम्ही दोघांनी मिळून ॲप उलटंपालटं केलं. सेटिंगमध्ये खोलवर एक खिट्टी सापडली, ‘ऑफरसाठी माझी माहिती वापरण्यास संमती’. ती बंद केली की कर्ज गेलं, आणि पुढं कधी कॅशबॅक येणार असेल तर तोही गेला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणानं दिलेली हवी असं म्हटलं आहे. किराणा आणि कर्ज एकाच खिट्टीला बांधून ठेवलं तर ती संमती कितपत मोकळी, हे कुणा वकिलानंच सांगावं. कर्ज गळ्यात मारण्याची जाहिरात आणि खरेदीवरची सवलत या दोन गोष्टी एका चौकटीत, एका शीर्षकाखाली दाखवायला बंदी घातली पाहिजे, असं माझं स्वच्छ मत आहे. ज्याचं खातं तीन महिने रिकामं आहे त्याला एका बटणावर दोन लाख देणं हा सन्मान नव्हे. सोसायटीत आम्ही कर्ज देताना सातबारा बघायचो, आधीचं येणं बघायचो आणि तरी रात्री झोप लागायची नाही.

मी शाखेला लेखी अर्ज दिला आहे. कॅशबॅक मागितलेला नाही. दोन सारख्या खातेदारांना वेगळी ऑफर कुठल्या निकषावर दाखवली, तिचा खर्च बँकेचा की दुकानाचा, आणि निकष पूर्ण केला तर धाकट्यालाही ती मिळेल का, एवढंच विचारलं आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. पण पुढं काय होईल तेही मला दिसतंय. एकात्मिक लोकपाल योजनेत बँकेच्या व्यावसायिक निर्णयाबद्दलची तक्रार ऐकून घेतली जात नाही, आणि ऑफर कुणाला द्यायची हा बँकेचा व्यावसायिक निर्णय आहे असं उत्तर द्यायला एक ओळ पुरते. म्हणून दुरुस्ती हवी ती इथं. सवलत कुणाला द्यावी हे लोकपालानं ठरवू नये, ते बँकेनंच ठरवावं. निकष काय होता हे लपवलं तर मात्र तक्रार ऐकून घेतली जावी आणि बँकेला तो सांगायला लावावा. शाखेतल्या फलकावर व्याजदर आणि शुल्कं लावायला रिझर्व्ह बँक बँकांना आजही भाग पाडतेच. त्याच फलकावर चालू ऑफर, तिची पात्रता आणि तिचा खर्च कुणाचा, या तीन ओळींना जागा आहे. इंदापूरच्या शाखेत मी स्वतः बघून आलो आहे.